निरंक कुणाचा?

आमच्या भीमाकाठच्या गावात कारभार इतका पारदर्शक आहे, की आरपार बघितलं तरी काही दिसत नाही.

करोनाच्या साली पाडव्यासाठी धरलेला गिताबाईचा झेंडू ऐन तोडणीला आला आणि बाजार बंद झाले. बाईनं सगळा झेंडू मेंढ्यांना घातला. पुढं फूलशेतीच्या नुकसानीची सरकारी मदत आली, ती सरपंच मारुतरावांच्या भावाला, सर्जेरावांना मिळाली. सर्जेरावांचं सगळं रान उसाचं. त्यांच्याकडं झेंडू एकदाच आला होता, नव्या ट्रॅक्टरला हार म्हणून.

यंदा मदतीचा राहिलेला हप्ता यायचा होता आणि त्यासाठी जुनीच यादी ग्रामसभेत कायम होणार होती. आज हरकत नोंदली नाही, तर गिताबाईचं नाव कायमचं यादीबाहेर राहणार होतं. दौंडला रेल्वेत कारकुनी करून मी रिटायर झालेला, म्हणून तिनं माझ्याकडून माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहून घेतला होता. उत्तर आलं ते असं: यादी करोनाच्याच साली १४ ते २० सप्टेंबर कार्यालयाच्या दर्शनी भागात लावली होती, आलेल्या हरकती निरंक. हे तिनं शेजारणीकडून वाचून घेतलं आणि सभेला सगळ्यांच्या आधी येऊन बसली.

ग्रामसेवक सतीश भाऊसाहेबांनी यादी न वाचताच मंजूर का म्हणून विचारलं. माना डोलल्या. माझीही डोलली, सवयच तशी. मग गिताबाई उठली.

"सरपंच, ह्यो निरंक कुणाचा? आमच्या हरकती त्यानं का दिल्या?"

सभा हसून लोटपोट झाली. मलाही हसू आलं, त्याची आज लाज वाटते. मारुतरावांनी डोळे पुसले.

"अवो गिताबाई, निरंक म्हंजी कुणीच न्हाई."

"मंग यादी लावली तवा बघायला कोण आलं हुतं?"

"कोण येणार? गाव बंद हुतं की."

"बंद कुणी केलं हुतं?"

आता कुणी हसेना. मारुतरावांच्या खुर्चीमागं त्यांचाच फ्लेक्स अजून टांगलेला होता. बाभळीच्या फांद्या टाकून अडवलेला रस्ता, पुढं हात जोडलेले करोना योद्धा मारुतराव आणि खाली मोठ्या अक्षरांत: 'कडकडीत बंद, १४ ते २० सप्टेंबर, एकही माणूस घराबाहेर नाही.' सगळ्या ग्रामपंचायतीत दर्शनी म्हणावं असं तेवढंच होतं.

मारुतराव म्हणाले, बघू पुढच्या सभेला. भाऊसाहेब खाली मान घालून इतिवृत्त लिहीत होते. काय लिहिलं ते वाचून दाखवा, असं गिताबाईनं सांगितलं. त्यांनी घसा खाकरला.

"हरकती, निरंक."

"कुठशी हाय त्यो?"

भाऊसाहेबांनी नकळत बोट ठेवलं. बाईनं त्यांच्याच हातातलं पेन घेतलं. बचत गटात ती सहीपुरतंच लिहायला शिकली होती. निरंकच्या डोक्यावर तिनं स्वतःचं नाव काढलं, तीन ओळी व्यापणारं.

मग पेन माझ्यापुढं धरलं. उभी नोकरी लोकांच्या तक्रारींपुढं मी निरंक लिहीत आलो होतो. आज तिच्या नावाखाली सही केली.