खंडेनवमीचा कॉलम

आमचे मॅनेजर रामनाथ म्हात्रे यांना दोन गोष्टी उत्तम जमायच्या. एक टाय बांधणं, आणि दुसरी स्वतःची चूक दुसऱ्याच्या पदरात घालणं. बाकी सगळा आनंदीआनंद. हे मी, मॅग्डलीन तुस्कानोने, त्यांच्या तोंडावरसुद्धा सांगितलं असतं, पण आम्हाला विचारतो कोण?

पंच्याऐंशी सालची गोष्ट. वसई पूर्वेला आमचा गोळ्या-औषधांचा कारखाना होता आणि मी तिथल्या लॅबोरेटरीत सीनियर केमिस्ट. शेठने परदेशातून एक एचपीएलसी मशीन आणवलं होतं. औषध किती शुद्ध आहे ते त्यावर कळायचं. मशीनचा जीव म्हणजे कॉलम. वीतभर लांबीची स्टीलची नळी, आत पिठाहून बारीक पांढरी भुकटी ठासून भरलेली. पंप एका टोकाने औषधाचं द्रावण जोराने आत ढकलतो, भुकटीतून जाता जाता औषध वेगळं होतं, त्यातली घाण वेगळी होते, आणि पेन कागदावर एकेकाचा डोंगर काढत जातं. एवढंच ते. पण हे सगळं क्षाराच्या पाण्यावर चालतं, म्हणून काम संपलं की कॉलम आधी साध्या शुद्ध पाण्याने धुवायचा, मग मिथेनॉलने, आणि मगच पंप बंद करायचा. आमच्याकडे कॉलम एकच होता. दुसरा मागवायचा म्हणजे इम्पोर्ट लायसन्सची वाट बघत म्हातारं व्हायचं.

म्हात्रेसाहेब या मशीनचं ट्रेनिंग घ्यायला मुंबईला जाऊन आले होते. सर्टिफिकेटला फ्रेम करून त्यांनी ते आपल्या खुर्चीमागे टांगलं. तिथे काय शिकवलं असं आम्ही विचारलं, तर जेवण चांगलं होतं म्हणाले.

मशीनवर काम करायची बेला. पाचूबंदरच्या कोळ्यांची पोर, बी.एस्सी. झालेली, हाताने स्वच्छ आणि तोंडाने गरीब. त्या महिन्याअखेर ती नोकरीत कायम व्हायची होती. नाही झाली, तर आईने सांगूनच ठेवलं होतं की मासळीची टोपली उचलायची. मासळी विकणं वाईट नाही हो. पण मग पोरीने रात्रंदिवस पुस्तकांत डोळे कशाला फोडले?

खंडेनवमी आली. शेठचा मुंबईहून निरोप होता की सगळ्या मशीनींची पूजा करा. पूजेला माझी कधीच ना नव्हती. आमचे फादरसुद्धा होड्यांना आशीर्वाद देतात, पण भर समुद्रात इंजिन बंद करा असं काही म्हणत नाहीत. इथे भटजी दारात आले आणि म्हात्रेसाहेबांनी चालू काम थांबवायला सांगितलं. बेला म्हणाली, कॉलम धुऊन घेते, थोडा वेळ द्या. साहेबांनी तिला झापलं. आजच्या दिवशी बैलालासुद्धा जुंपत नाहीत, हत्याराला विश्रांती द्यायची असते, तुम्हा मुलींना रीतभात कळत नाही, असं बरंच बोलले. तिने बिचारीने बटण बंद केलं. साहेबांनी स्वतःच्या हाताने कॉलमवर कुंकवाचं बोट ओढलं, झेंडूचा हार घातला, पेढा खाल्ला आणि टायवरची साखर झटकली. मी तेव्हा गोदामात माल तपासत होते, नाहीतर भटजींदेखत ओरडले असते.

दसरा झाला, लागून रविवार गेला. सोमवारी पंप चालू केला तर दाबाचा काटा सरळ शेवटच्या आकड्याला जाऊन टेकला. कॉलममधून थेंब पडेना. आतलं क्षाराचं पाणी दोन दिवस जागच्या जागी राहिलं, त्याचे खडे धरले आणि वाट बुजली. हे कळायला सर्टिफिकेट लागत नाही. साहेबांनी मात्र सगळ्यांदेखत बेलाला धारेवर धरलं. हिने गाळल्याशिवाय काहीतरी सोडलं, शेठचा कॉलम मारला, असल्या धसमुसळ्या मुलीला कायम कोण करणार? चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. बेला बेसिनपाशी जाऊन तोंड धूत राहिली.

मी साहेबांना सांगितलं की कॉलम मेलेला नाही. उलटा लावू, कोमट पाणी अगदी हळू सोडू, क्षार विरघळून निघून जाईल. ते म्हणाले, कॉलमवर कंपनीने बाण काढलाय, त्याच्या उलट जायचं नाही. हा माणूस बाणाला घाबरतो असं आधी वाटलं मला. मग लख्ख कळलं. कॉलम पाण्याने सुटला तर दोष क्षाराचा ठरणार, आणि क्षार आत कोणी राहू दिला ते निघणार. त्यांना कॉलम मेलेलाच हवा होता. एका पोरीच्या पोटावर पाय देऊन वर टाय सरळ करणारा माणूस. त्या दिवशी मला त्यांची किळस आली.

साहेब बेलाची तक्रार घेऊन शेठकडे मुंबईला गेले आणि आम्ही दोघींनी कॉलम काढला. टोकं उलटी लावली, सुटलेली घाण पुढच्या डिटेक्टरमध्ये, म्हणजे औषध टिपणाऱ्या डोळ्यात, जाऊ नये म्हणून त्याची जोडणी सोडली, खाली बीकर धरला आणि पंप सगळ्यात कमी वेगावर ठेवला. बराच वेळ काही नाही. बेला एकटक काट्याकडे बघत होती, ओठ हलत होते, एकविरेला काय काय कबूल केलं कोण जाणे. मग एक थेंब आला. पहिले थेंब मी काचेच्या बशीत धरले आणि वाळायला ठेवले. काटा उतरत गेला. संध्याकाळी कॉलम बाणाप्रमाणे सरळ लावला, नेहमीचा नमुना सोडला, तर पेनने डोंगर काढले. शेवटच्याला जरा शेपूट होतं, पण डोंगर ते डोंगरच.

सकाळी साहेब शेठच्या गाडीतूनच उतरले. मी शेठपुढे डोंगरांचा कागद ठेवला आणि काचेची बशी साहेबांच्या पुढे. बशीत क्षाराचा पांढरा थर धरला होता. या गृहस्थाच्या वडिलांचं नायगावच्या खाडीला मिठागर. पाणी स्थिर राहिलं की काय होतं ते यांनी लंगोटीत असल्यापासून पाहिलेलं.

"हे काय आहे ते तुम्हाला मी सांगायचं का, साहेब?" मी विचारलं.

साहेबांनी बशीकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. मशीन बंद कोणी केलं, असं शेठने विचारलं.

"मी केलं," बेला म्हणाली. घाबरली की तिच्या तोंडी घरची भाषा यायची. "पानी सोडते म्हटलं होतं मी. सर नको म्हणाले."

आता साहेबांना पळायला एकच वाट उरली, आणि त्यांनी ती धरली. खंडेनवमीला मशीनींची पूजा करायची असा शेठचाच हुकूम होता, म्हणून बंद करायला लावलं, असं ते बोलून गेले. बोलून झाल्यावर त्यांना कळलं, आपण कोणाचं नाव घेतलं ते. चेहरा बघण्यासारखा झाला होता.

शेठने कागद उलटासुलटा करून पाहिला.

"पूजा तर मी सांगितली होती," ते म्हणाले. "मशीन चालते ना? मग चूक कोणाचीच नाही."

झालं. चूक शेठच्या दारापर्यंत गेली आणि तिथेच नाहीशी झाली. बेलाचं खरं होतं म्हणून ती वाचली नाही. खऱ्याला तिथे कुत्रं विचारत नव्हतं. ती वाचली, कारण तिला काढायचं तर आधी शेठला चुकीचं ठरवायला लागलं असतं. त्याच दुपारी ती कायम झाल्याचं सांगायला साहेब स्वतः लॅबमध्ये आले, हसतमुख, जसं काही यांनीच रदबदली केली होती.

"या वेळी सांभाळून घेतलं," ते म्हणाले. "पुढे जपून वापरत जा."

मी बेलाकडे पाहिलं. आता तरी बोल, बाई.

"थँक्यू सर," बेला म्हणाली, आणि खरंच तिचे डोळे भरून आले होते.