जेवणानंतरचा कागद

तिनं कागदावर टेस्टचं पेन ओढलं आणि निळी रेघ लगेच फुटली, थेंब थेंब झाली, तेलकट ताटावर पाणी पडावं तशी.

"झालं कल्याण!" सुपरवायझर म्हणाला. "उस्तादांनी करंट दिलेलाच नाही."

उस्ताद म्हणजे तिचे बाबा. हा त्यांचा शेवटचा रोल. ड्युटी संपवून घरी गेले, खुर्चीत बसले आणि संपलेच. सगळे म्हणाले, ठणठणीत माणूस, काही कळलंच नाही हो. तीही येईल त्याला हेच सांगत राहिली, रडली मात्र नाही, आणि आज सरळ कामावर आली.

आता या कागदावर ओल अडवणारा प्लास्टिकचा थर असतो, इतका गुळगुळीत की वर दुसरं कोटिंग धरतच नाही. आधी करंटखालून काढला तरच ते पसरतं, आणि पेनाची रेघही तेव्हाच टिकते. आणि मशीन थांबलं की करंटही बंद, परत सुरू करताना स्विच आठवणीनं दाबायचा. विसरलं की रोल भंगारात. बाबा चष्मा विसरतील, तिचा वाढदिवस विसरतील, पण स्विच?

"बाबा विसरत नाहीत," ती म्हणाली.

"अगं बाई, मग पेन खोटं बोलतंय का?"

ती रोल उलगडत गेली. फाडायची, रेघ ओढायची. थेंब. आणखी फाडायची. थेंबच. पायाशी हा एवढा ढीग झाला, आणि मग एकदम रेघ टिकली. सरळ, ओली, जशीच्या तशी.

"अरे वा! आतला अर्धा वाचला की! सुटलो बुवा!"

तिचा हात तिथेच थांबला. आतला कागद आधी गुंडाळलेला, जेवणापूर्वीचा. बाहेरचा नंतरचा, जेवायला थांबवलेलं मशीन परत सुरू केल्यावरचा. त्या शेवटच्या दुपारी ती मशीनपाशी बाबांबरोबरच जेवली होती. त्यांनी अर्धा डबा तसाच ठेवला, तर तिनं चिडवलं, "काय, बारीक होऊन हिरो व्हायचंय?" ते हसले, घामानं नुसते निथळत होते. तिनं पंखा त्यांच्याकडे वळवला आणि डब्याला झाकण लावून निघून गेली.

तिनं पेनाला टोपण लावलं. काढलं, परत लावलं.

"वर विचारतील गं," सुपरवायझर जरा हळू आवाजात म्हणाला. "काय सांगू?"

"सांगा, चूक माझी."

"तुझी? तू तर त्या दिवशी पॅकिंगला होतीस."

"जेवायला मी इथेच होते," ती म्हणाली, आणि उरलेला रोल मशीनवर चढवायला लागली.