दोन शब्दांमधली जागा

धाकटीचं काम म्हणजे दुसऱ्याच्या चुका काढणं, आणि त्याचा तिला पगार मिळायचा. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवतो तो कंपायलर. नवा कंपायलर बाजारात यायच्या आधी तिच्या टेबलावर यायचा. ऑपरेटिंग सिस्टीम बदलली की जुने प्रोग्रॅम कंपायलरमधून पुन्हा काढायचे आणि कुठे अडतंय ते डोळ्यांत तेल घालून बघायचं. ऑफिसात तिला सगळे खडूस म्हणत, आणि तिला ते आवडायचं, खोटं कशाला बोला.

घरी आई. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि तिची वाचा गेली. तेव्हा दादाने, म्हणजे धाकटीच्या थोरल्या भावाने, तिच्यासाठी एक प्रोग्रॅम लिहिला. दादा लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, प्रोग्रॅमिंग पुस्तकं चाळून शिकलेला. पडद्यावर चित्रं, चित्र दाबलं की शब्द, आणि शब्द दादाच्याच आवाजात. आई तीन चित्रं ओळीने दाबायची आणि दादा बोलायचा, "मला… खिडकीपाशी… बसव." त्याचं बोलणं मुळातच तसं, एकेक शब्द तोलून टाकणारं. गेल्या वर्षी छातीत दुखतंय म्हणाला आणि संध्याकाळपर्यंत होत्याचा नव्हता झाला. त्यानंतर आईची वाचा आणि आईचा लेक, दोन्ही त्या जुनाट कॉम्प्युटरात उरले.

तोही अखेरच्या घटका मोजायला लागला, तेव्हा धाकटीने नवा आणला. त्यावरची नवी सिस्टीम जुना प्रोग्रॅम उघडेचना. मग तिने ऑफिसातला, अजून बाजारात न आलेला कंपायलर घेतला, दादाचा प्रोग्रॅम त्यातून नव्याने काढला आणि ऑफिसच्याच शिस्तीने चाचणी घेतली. एकेक करून शंभर चित्रं, शंभर शब्द, सगळे बरोबर. 'पास' लिहून बाई मोकळी झाली, आणि जुना डबा त्याच दुपारी भंगारवाल्याला देऊन टाकला.

संध्याकाळी आईने चित्रं दाबली. "मलाखिडकीपाशीबसव." आई दचकली. पुन्हा दाबली, पुन्हा तेच. तिने हात मांडीवर घेतला आणि तोंड फिरवलं. तीन दिवस तिने यंत्राला बोट लावलं नाही.

धाकटी तणतणत ऑफिसात गेली आणि कंपायलर लिहिणाऱ्या सहकाऱ्यापुढे तक्रार टाकली. त्याने शांतपणे दाखवलं. दोन शब्दांच्या मधे दादाने यंत्राला उगीचच पन्नास लाखांपर्यंत आकडे मोजायला लावलं होतं. 'थांब' असं सरळ कसं सांगायचं ते त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. या मोजण्याचा कुणालाच उपयोग नाही हे नव्या कंपायलरने ओळखलं आणि ते काढून टाकलं. कंपायलरचं काही चुकलं नव्हतं. किती वेळ थांबायचं तेवढं सांग, एका ओळीचं काम आहे, असं तो म्हणाला.

किती वेळ? जुना कॉम्प्युटर रडतखडत ते आकडे मोजायचा, तेवढा. धाकटीने शब्द तपासले होते, वेळ कधी मोजलाच नव्हता. लोका सांगे ब्रह्मज्ञान! ती भंगारवाल्याकडे धावली, तर डब्याचे तुकडे होऊन गेलेले.

रविवारी ती आईपाशी बसली. "आई, तो किती थांबायचा ते तूच दाखव. मी एक शब्द वाजवते. पुढचा यायला हवा तेव्हा टेबलावर बोट टेकव."

आईने डोळे मिटले. पहिल्यांदा बोट लगेच टेकलं. दुसऱ्यांदा फार उशिरा. तिसऱ्यांदा उचललेलं बोट तसंच राहिलं. डोळे उघडले तेव्हा ते भरून आले होते. तिलाही आठवत नव्हतं.

"माझंच चुकलं गं," धाकटी म्हणाली. "अर्धा सेकंद घालून बघू? नाहीतर एक?"

आईने हात पुढे केला आणि एकच चित्र दाबलं.

"पुरे," दादा म्हणाला.

अगदी तोच, जसाच्या तसा. एका शब्दात मधून काढून घेण्यासारखं काही नव्हतंच.

कंपायलर महिन्याभरात बाजारात गेला. धाकटीने प्रोग्रॅममध्ये अंदाजाने एक सेकंद घालून ठेवलाय, पण आईने त्यानंतर ओळीने चित्रं दाबली नाहीत. ती एकेकच दाबते. पाणी. खिडकी. ऊन. एका शब्दात मावत नाही ते ती आता बोलत नाही.