उंबऱ्यापाशी बदलणारा महिना

मी भिंतीवरून बोलतेय. काशीत, दुर्गाघाटाच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या दाराशेजारी खिळ्याला टांगलेली मराठी दिनदर्शिका. माझं शेवटचं पान उघडं आहे, म्हणून सांगायचं ते आत्ताच सांगून टाकते. मी मुळातच काळजी करणाऱ्यांतली. बारा महिने पुढचे दिवस दाखवायचं काम, मग दुसरं काय होणार?

माझा जन्म पुण्याच्या एका छापखान्यात झाला. शाई वाळते न वाळते तोच माझी गुंडाळी करून मला नळीत कोंबलं आणि शरदिनीआत्यांनी कुरियरनं इकडे धाडलं. त्या दर वर्षी धाडतात. त्यांचे धाकटे भाऊ वेणीमाधव पुणतांबेकर इथे पौरोहित्य करतात, घरात त्यांना अण्णा म्हणतात. त्या गुंडाळीमुळे माझी खालची कड अजून वर वळते. अण्णा येता-जाता ती तळहातानं दाबून बसवतात.

घरात अण्णा आणि त्यांची मुलगी मालविका, दोघंच. मालविकाची आई तीन वर्षांपूर्वी गेली. माणसं माझ्यावर काय वाट्टेल ते लिहितात, दूध आलं नाही, सिलिंडर लावला, गीझर बिघडला. एकादशीपेक्षा सिलिंडरची तारीखच जास्त वेळा बघतात. मी काही मनावर घेत नाही.

आता या घराची एक रीत सांगते, कारण सगळं रामायण तिच्यावरूनच झालं. आमचा मराठी महिना अमावास्येला संपतो. दाराबाहेर काशीच्या लोकांचा महिना पौर्णिमेलाच संपतो. म्हणजे शुक्ल पक्षात सगळे एकाच महिन्यात, पण वद्य पक्षाचे पंधरा दिवस घरात एक महिना आणि गल्लीत पुढचा. अण्णा माझ्यावर तिथी बघत, चपला घालत आणि उंबऱ्यापाशी क्षणभर थांबून मनातल्या मनात महिना बदलत. जन्मभराची सवय ती, कधी चुकायची नाही.

सप्टेंबरात मालविकाच्या ऑफिसनं तिच्यावर एक काम सोपवलं. कंपनीच्या बेचाळीस माणसांना दोन दिवस काशीत आणायचं, राहणं, खाणं, खेळ, गप्पा, सगळं तिनं आखायचं. ऑफिसात त्याला रिट्रीट म्हणतात, अण्णा सहल म्हणत. मालविका अजून नोकरीत कायम नव्हती. हे नीट पार पडलं तर इथेच कायम, नाहीतर नोएडाच्या ऑफिसात बदली. तिनं माझ्या शेवटच्या पानावर एकतीस तारखेच्या चौकोनात पेन्सिलीनं लिहिलं, "नोएडा?" अण्णांनी ते वाचलं आणि कड दाबून निघून गेले. त्या दिवसापासून माझा जीवही टांगणीला लागला.

दिवस ठरला दोन डिसेंबर, शनिवार. मोठ्या साहेबांची एकच अट होती, संध्याकाळची आरती नावेतून दिसली पाहिजे. अण्णा म्हणाले, "नावेचं माझ्याकडे. लल्लन नावाड्याचे दोन बजडे, मोठ्या नावा, आहेत बालाजी घाटावर, वीस-पंचवीस माणसं एकेकात आरामात बसतात."

"अण्णा, मैं एक बार फ़ोन कर लूँ त्यांना? तारीख पक्की होईल."

"चाळीस वर्षं मी त्याच्याशी तिथीनं बोलतोय, मालू. यजमानांच्या नावा कोण ठरवत आलंय?"

बिचारीनं फोन परत ठेवून दिला. अण्णांनी माझी पानं उलटून दोन डिसेंबरवर बोट ठेवलं, "कार्तिक वद्य पंचमी" असं पुटपुटले, चपला घातल्या आणि थेट बाहेर पडले. उंबऱ्यापाशी थांबले नाहीत. मी पाहिलं. बाहेरची कार्तिक वद्य पंचमी एक महिना आधी येते, दोन नोव्हेंबरला. ओरडून थांबवावंसं वाटलं. पण मला तोंड कुठे आहे?

पुढचे दिवस कसे काढले, माझं मला ठाऊक. मालविका याद्या करत होती, कोण कांदा-लसूण खात नाही, कुणाला पाण्याची भीती वाटते. रोज मला वाटे, आज तरी अण्णा कड दाबताना वर बघतील. ते बघत, पण त्यांना दिसायचं नाही. पंख्याचा वारा आला की मी मुद्दाम फडफडायचे. मालविकानं मला चिमटा लावून टाकला.

करवा चौथच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, ऊन उतरायच्या सुमाराला लल्लन जिना चढून आला. "पंडितजी, तीन बजे से बैठे हैं। गद्दा बिछा दिए, गेंदा बाँध दिए। आप लोग आए ही नहीं?"

"आज कशाला? सहल पुढच्या महिन्यात आहे, लल्लन."

"आज कातिक बदी पंचमी है न?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग दाराकडे. मग खाली पाटावर बसले. दोन डिसेंबरचं विचारायचा धीर त्यांना होईना, तेव्हा लल्लननंच सांगितलं की अगहनची, म्हणजे बाहेरच्या मार्गशीर्षाची, लगीनसराई आहे, त्या दिवशी दुपारनंतर दोन्ही बजडे वऱ्हाडाला दिलेत. घाटावर एकही मोठी नाव मिळणार नाही.

मालविका ऑफिसातून आली. अण्णांनी सगळं सांगितलं आणि म्हणाले, "मी उंबऱ्यापाशी थांबलोच नाही गं. आज तुझी नाव चुकली, उद्या कुणाचं श्राद्ध चुकीच्या महिन्यात सांगेन." त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. मालविका रागावली नाही. रागावली असती तर बरं, असं मला वाटलं. ती म्हणाली, "मीच विचारायला हवं होतं." आणि माझी पानं उलटून शेवटच्या पानावरच्या त्या शब्दाकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती लल्लनला भेटून आली. सकाळ मोकळी होती, पहाटेपासून दहापर्यंत. आरती नाही, सूर्योदय. तिनं साहेबांना कळवलं, चूक माझी झाली. मग पुन्हा नव्या याद्या. बेचाळीस माणसांना पहाटे पाचला उठवायचं, म्हणून तिची झोप महिनाभर आधीच उडाली.

दोन डिसेंबरला दोघं अंधारातच गेले. बाहेर धुकं होतं. धुक्यात नावा सोडत नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. दिवसभर मी एकटी त्या एका चौकोनावर जीव लावून बसले.

संध्याकाळी मालविकानं आत्यांना फोन केला तेव्हा कळलं. नावा तासभर उशिरा सुटल्या. साहेबांनी नावेतल्या सगळ्यांसमोर तिला पुन्हा विचारलं, आरतीचं काय झालं? ती काही बोलायच्या आत अण्णा उभे राहिले. म्हणाले, "चूक हिची नाही, माझी आहे," आणि आतल्या-बाहेरच्या महिन्याचं सगळं सांगितलं. मग पाण्याला भिणारी ती बाई म्हणाली, तिनं एकदा एका माणसाचा अख्खा पगार चुकीच्या महिन्यात पाठवला होता आणि आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मग दुसरा बोलला, मग तिसरा. साहेबसुद्धा बोलले. नाश्त्याच्या कचोड्या गार होऊन गेल्या.

परवा ऑफिसचं पत्र आलं. मालविकानं खोडरबर घेतलं आणि माझ्या शेवटच्या चौकोनातलं "नोएडा" पुसलं. डाग राहिलाय, राहू दे.

आज सकाळी अण्णा निघाले. आत मार्गशीर्ष वद्य. त्यांनी कड दाबली, चपला घातल्या आणि उंबऱ्यापाशी थांबले. पूर्वीसारखे मनातल्या मनात नाही.

"मालू, बाहेर कुठला महिना?"

"पूस, अण्णा," ती पोळी लाटता लाटता म्हणाली. मग ते गेले.

आत्यांची नवी नळी कोपऱ्यात येऊन उभी आहे. माझी एवढीच विनवणी आहे. मला काढून फडताळात अंथराल तेव्हा अंथरा, पण आधी एक दिवस त्या नवीला माझ्या शेजारी टांगा. अण्णा उंबऱ्यापाशी थांबले का, एवढं बघत जा, हे मला तिला सांगायचंय.