तहानेपुरती स्पॅनिश

टेपरेकॉर्डरमधली बाई "तेंगो सेद" म्हणाली आणि थांबली. तेवढ्या वेळात ऐकणाऱ्यानं ते म्हणायचं, असा बेत होता. अंजनाबाईंनी घसा खाकरला, पदर सारखा केला, तोवर आतून "मुय ब्येन" असं कौतुक येऊनही गेलं.

"मी तं अजून बोललीच नाई, अन् हे शाबासकी देऊन राह्यली," अंजनाबाई म्हणाल्या.

अनाथालयाचे कारकून खुशालभाऊ हसले. कॅसेटसोबत आलेला इंग्रजी कागद वाचून त्यांनी अर्थ सांगितला, "मले तहान लागली."

चंद्रपूरच्या त्या अनाथालयात अंजनाबाई एकोणीस वर्षं आया होत्या. चार वर्षांच्या बुधरीला स्पेनमधलं एक जोडपं दत्तक घेणार होतं. कोर्टाचे कागद व्हायला पाच-सहा महिने लागणार, तोवर पोरीच्या कानावर आपली भाषा पडावी म्हणून त्यांनी कॅसेट पाठवली होती. पण बुधरी यंत्राच्या मागून काही म्हणेना. ती म्हणायची ते फक्त अंजनाबाईंच्या मागून. मग काय, पन्नाशी उलटलेल्या अंजनाबाई दुपारी पोरं झोपली की टेपसमोर मांडी घालून बसू लागल्या.

"काऊन एवढा जीव जाळता, बाई? तिथी गेली का महिन्याभरात पोपटावानी बोलन पोट्टी," खुशालभाऊ म्हणाले.

"अन् महिनाभर पानी कोन्त्या भाषेत मांगन?"

पाण्यावरून झालेला तो दिवस खुशालभाऊंनाही आठवत होता. मागच्या वर्षी आलापल्लीकडच्या जंगलातून बुधरीला आणलं, तेव्हा तिला फक्त गोंडी येत होती. दिवसभर ती "येर, येर" करून रडत होती. अंजनाबाईंनी दूध दिलं, बिस्कीट दिलं, कडेवर घेऊन फिरवलं आणि शेवटी वैतागून एक धपाटा दिला. संध्याकाळी फाटकावरचा रखवालदार पोचू कामावर आला. तो गोंड, त्यानं ऐकलं आणि म्हणाला, "बाई, लेकरू पानी मांगून राह्यलं ना." बुधरी दोन पेले घटाघटा प्यायली. तो धपाटा अंजनाबाईंच्या हाताला अजून लागत होता.

कॅसेटमध्ये नमस्कार होता, आभार होते, तहान-भूक होती, एक ते दहा आकडे होते. अंजनाबाईंचं समाधान होईना.

"खुशालभाऊ, त्याईले लिहा. दुखते कसं म्हनाव? भेव लागते कसं म्हनाव? आकडे घेऊन का करन ते?"

दीड महिन्यानं दुसरी कॅसेट आली. "तेंगो म्येदो", मला भीती वाटते. "मे दुएले", मला दुखतंय. अंजनाबाई भाजी निवडताना म्हणत, न्हाऊ घालताना म्हणत, आणि बुधरी झाडीपट्टीच्या हेलात मागून म्हणे. पाणी मराठीत मागितलं तर अंजनाबाईंना ऐकू यायचं नाही. पोर रुसायची, पाय आपटायची, मग "तेंगो सेद" म्हणायची. पेला देताना अंजनाबाईंच्याच जिवाला लागायचं.

फेब्रुवारीत पाहुणे आले. व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या होत्या. गोरी बाई बोलली तशी अंजनाबाई चमकल्या. आवाज तोच, टेपमधला. बुधरी त्यांच्या लुगड्याआड उभी राहून पाहुण्यांसाठी केलेला चिवडा खात होती. तो तिखट झाला होता. तिनं वर बघितलं.

पाहुण्यांसाठी भरलेला पेला अंजनाबाईंच्या हातातच होता. त्यांनी तोंड फिरवलं. आपण आज दिला तर ही कधीच मागणार नाही, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्या भिंतीवरच्या कॅलेंडराकडे बघत राहिल्या.

लुगड्याला लागलेली ओढ सैल झाली. दोन पावलं वाजली.

"तेंगो सेद," बुधरी म्हणाली.

त्या बाईचे डोळे भरून आले. ती इकडेतिकडे पाणी शोधू लागली. अंजनाबाईंनी पेला पुढे केला, तो बुधरीला नाही, त्या बाईच्या हातात दिला. बुधरी तिच्या हातून प्यायली.

"मुय ब्येन," ती बाई म्हणाली.

मग अंजनाबाईंचे दोन्ही हात धरून ती खूप वेळ बोलली. त्यातलं काही कळलं नाही. उत्तर द्यायला अंजनाबाईंकडे शब्द होते ते लेकराच्या गरजेपुरते. तहान, भूक, भीती, दुखणं. त्यातलं शेवटचं आज अगदी बरोबर बसत होतं. ते त्यांनी म्हटलं नाही.

त्यांनी पेला परत घेतला, विसळला आणि माठावर पालथा घातला.