रस्त्यापलीकडचं भांडण

आश्विनातली कोवळी उन्हं इमारतीखालच्या पार्किंगमध्ये तिरपी शिरतात, तेव्हा माझ्या आत्याच्या चपलांचा संथ, घासता आवाज खांबाखांबांमधून फिरू लागतो. उन्हाच्या पट्ट्यात ती क्षणभर उजळते, स्कूटरींच्या सावलीत मावळते, पुन्हा उजळते. एके काळी हीच पावलं मोरिवलीच्या बांधावरून, शेवग्याच्या शेंगा कवेत घेऊन, वाऱ्याशी गप्पा मारत घरी यायची. आता त्यांना फिरायला एवढंच उरलं आहे.

मोरिवलीत तिची जिवाभावाची मैत्रीण हिराबाई राहतात. मधे कारखान्यांकडे जाणारा रस्ता, टँकरच्या धडधडीने अहोरात्र थरथरणारा. पूर्वी दर मंगळवारी आत्या त्यांच्याकडे जायची, कधी त्याही इकडे यायच्या. मग ते जाणं-येणं थांबलं. विचारलं की ओठ मुडपून म्हणायची, आमचं बिनसलंय. एवढी मायेची मैत्री कशावरून विटली असेल, याचे तर्क आम्ही घरात चवीने करत राहिलो.

यंदा माझ्या संस्थेने अंबरनाथच्या वस्त्यांतून पायी किंवा सायकलने हिंडणं कितपत सुखाचं आहे, ते मोजायचं काम हाती घेतलं. पदपथ, सावली, टेकायला जागा, रस्ता ओलांडायची सोय. म्हाताऱ्या पावलांच्या चालीनेही चालून पाहायचं होतं, म्हणून आत्याला म्हटलं, चल माझ्याबरोबर. तिने ठेवणीतली साडी नेसली, केसांत अबोली माळली. पदपथावर वडेवाल्याची शेगडी होती, उभ्या रिक्षा होत्या. साऱ्यांना वळसे घालत ती अशी काही खुलून चालली की मीच मागे पडले.

कारखान्यांच्या रस्त्याशी मात्र ती थबकली. तिथे ना सिग्नल, ना पांढरे पट्टे. पदपथ मोजायच्या टेपवरून मान वर करून पाहिलं, तर तिने विजेचा खांब घट्ट धरला होता.

"भांडण-बिंडण काही नाही गं," ती रस्त्याकडे बघतच म्हणाली. "मला हा रस्ता ओलांडता येत नाही आता. तुम्हा सगळ्यांना मी हात धरून शाळेत नेलं. मलाच हात धरा म्हणायची लाज वाटली."

तिचा तो उतरलेला चेहरा मला पाहवेना. लाजायचं तिला काही कारणच नव्हतं. ज्यांनी लाजायला हवं होतं, त्यांत मी होते. मी हात पुढे केला. तिची गार बोटं माझ्या मुठीत शिरली आणि दोन टँकरमधल्या फटीतून आम्ही कशाबशा पलीकडे पोचलो.

हिराबाई ओटीवर वाल सोलत बसल्या होत्या. आत्याने उभ्याउभ्याच सारं सांगून टाकलं. त्यांनी मांडीवरचं सूप खाली ठेवलं.

"मीपन पोरांना हेच सांगलंय," त्या हलकेच म्हणाल्या. "आपलं भांडन झालंय."

दोघींपैकी कुणी हसलं नाही. आत्या शेजारी टेकली, सूप दोघींच्या मधे सरकलं आणि चार हात वाल सोलू लागले. खरोखरच भांडण झालं असतं, तर गेलेल्या त्या दिवसांतून आठवायला निदान दोन कडू शब्द तरी उरले असते; या दोघींच्या वाट्याला आठवण म्हणून नुसती त्या रस्त्याची धडधड आली होती.