तणमोराची उडी

पारोळ्याच्या सडकेलगतचं आपलं कुरण तोतारामनाना विळा न लावता राखत आले होते, ते एका तणमोरासाठी. कोंबड्याएवढा काळा नर. श्रावणात तो गवतातल्या एकाच जागेवरून पुरुषभर उंच उडायचा, पंख फडफडवत बेडकासारखा टरटरायचा नि दगडासारखा खाली गडप व्हायचा. दिवसभर हेच. कुठं मादी असलीच तर तिनं पाहावं म्हणून. कित्येक पावसाळे कुणी फिरकलं नाही. काल मात्र नानांना गवताच्या काठाशी एक तांबूस मान दिसली. मादी आली होती!

आणि आज सकाळीच सडकेवर जीप थांबली. दोन बंदूकवाले उतरले.

"ओ बाबा, बाजूला व्हा. उडाला की टिपतो."

नाना अंगावरची काळी घोंगडी फडकावत कुरणात धावले. "नको उडू रे! बस ना खाले!"

नर थबकला. घोंगडीकडे पाहून त्यानं मान फुगवली, आणि आधीपेक्षा उंच उडाला. नानांनी पुन्हा घोंगडी उडवली. तो पुन्हा उडाला.

"अहो, तुम्हीच नाचवताय की त्याला!" बंदूकवाले हसले.

तेव्हा नानांच्या ध्यानात आलं. काळं काही वरखाली होतंय म्हणजे दुसरा नर आला, असं त्याला वाटत होतं. घोंगडी फेकून ते बंदुकांसमोर आडवे उभे राहिले. पण एकटा माणूस किती बाजू अडवणार? बांधावर म्हशी धरून बायको उभी होती.

"झुंबर, म्हशी सोड! कुरणमा घाल!"

"येडा व्हयनात का तुम्ही? इतकं राखेल गवत शे!"

"घाल म्हनस ना मी! घाबरना म्हंजे उडाव नही तो!"

म्हशी घुसल्या. गवत आडवं होत गेलं. मादी भुर्रकन उठली आणि नाल्यापलीकडे दिसेनाशी झाली. नर मान ताणून तिच्या दिशेनं पळाला, मोडलेल्या गवतात इकडेतिकडे शोधत राहिला, मग कुठंतरी दबून बसला. उडाला नाही. दुपारी कंटाळून जीप निघून गेली.

"वाचना ना जीव त्याना?" झुंबरबाईंनी विचारलं.

"हा. वाचना."

नानांची नजर मात्र तो रोज उडायचा त्या जागेवरून हलेना.

"उड रे," ते पुटपुटले. "जीप गई. आते उड."

गवत हललंसुद्धा नाही.